बाळंतपणाच्या रजेत आजारपण का घातलं? अमेरिकेतल्या एका विधेयकाचं प्रकरण

1982 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया फेडरल या बँकेतली रिसेप्शनिस्ट बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिथे ती काही वर्षं नोकरीला होती. एप्रिलमध्ये तिने बँकेला कळवलं की आता मी कामावर यायला तयार आहे. उत्तर आलं, तुमच्या जागी दुसरं माणूस घेतलंय, आणि त्या तोडीची जागा सध्या रिकामी नाही. अमेरिकेत 1993 मध्ये झालेल्या कुटुंब आणि वैद्यकीय रजेच्या कायद्याची गोष्ट इथून सुरू होते.

रिसेप्शनिस्टची खुर्ची फार दिवस रिकामी ठेवता येत नाही, हे बँकेचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. फोन वाजतच असतो. पण कॅलिफोर्नियात 1978 पासून कायदा होता, की गरोदरपणामुळे काम करता येत नसेल तर बाईला चार महिन्यांपर्यंत रजा द्यायची आणि परत आल्यावर नोकरी द्यायची. पगार नाही, फक्त नोकरी शाबूत. आपल्याकडे 'हक्काची रजा' म्हटलं की भरपगारी असंच डोक्यात येतं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. या सगळ्या प्रकरणात पगाराचा प्रश्न जवळजवळ कुठेच नाही. भांडण आहे ते परत आल्यावर खुर्ची मिळण्याचं.

तिने राज्याच्या खात्याकडे तक्रार केली. त्यावर सुनावणी होण्याआधीच बँक उलट केंद्रीय न्यायालयात गेली. सोबत उद्योजकांची एक संघटना आणि राज्याचं चेंबर ऑफ कॉमर्सही होतं. नोव्हेंबर 1982 मध्ये, म्हणजे तिने कळवल्यानंतर सात महिन्यांनी, बँकेने तिला रिसेप्शनिस्टचं काम परत दिलं. खटला मात्र थांबला नाही. तो आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता.

बँकेचा मुद्दा हुशार होता

बँकेने असं म्हटलंच नाही की बायकांना रजा नको. बँक म्हणाली, आमचा नियम सगळ्यांना सारखा आहे. पाय मोडलेला, हृदयविकाराचा झटका आलेला, बाळंतीण, कोणीही बिनपगारी रजेवर गेलं तर परतल्यावर तशी जागा द्यायचा प्रयत्न आम्ही करतो, पण जागा नसेल तर काढून टाकायचा हक्क राखून ठेवतो. आता केंद्राचा 1978 चा गरोदरपणाच्या भेदभावाविरुद्धचा कायदा काय सांगतो? गरोदर बाईला काम करण्याच्या क्षमतेत तिच्यासारख्याच असलेल्या इतर कर्मचाऱ्यांसारखं वागवा. मग राज्याचा कायदा बायकांना त्याहून जास्त देतो, म्हणजे पुरुषांविरुद्ध भेदभाव करायला भाग पाडतो. केंद्राच्या कायद्यापुढे तो टिकायचा नाही.

1984 मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने हे मान्य केलं आणि कॅलिफोर्नियाची तरतूद निरर्थक ठरवली.

त्या 1978 च्या केंद्रीय कायद्याची कुळकथा अशी. 1976 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की आजारपणाच्या भत्त्यातून गरोदरपण वगळलं तर तो लिंगभेद होत नाही. तो निकाल न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट यांनी लिहिला. त्यावर संतापून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोन वर्षांत कायदा बदलला. रेनक्विस्ट हे नाव लक्षात ठेवा, ते आणखी दोनदा येणार आहे आणि दुसऱ्यांदा येईल तेव्हा चकित करेल.

स्त्रीवाद्यांत पडलेली फूट

जिल्हा न्यायालयाच्या निकालानंतर खरी खडाजंगी झाली ती बँक आणि बाईत नव्हे, तर बायकांच्या बाजूने लढणाऱ्यांमध्येच. एक गट म्हणत होता, बाळंतपण बाईलाच येतं, तिला वेगळं संरक्षण हवंच, यात भेदभाव कसला? स्त्रीवादी लेखिका बेटी फ्रीडन या बाजूच्या. दुसरा गट म्हणजे नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही स्त्रियांची संघटना आणि नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनमधले स्त्री हक्कांचे वकील. त्यांची भूमिका अशी की फक्त बायकांना जास्त देणारा कायदा धोक्याचा आहे. राज्याचा कायदा वाचवायचा असेल तर न्यायालयाने ही रजा सगळ्याच आजारी कर्मचाऱ्यांना लागू करावी.

त्यांच्या भीतीला इतिहास होता. 1908 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधल्या लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांसाठी दिवसाला दहा तासांची मर्यादा मान्य केली. कारण दिलं बाईची शरीररचना आणि मातृत्व. ऐकायला मायेचं. पण तोच तर्क पुढे बायकांना कामाबाहेर ठेवायलाही वापरला गेला. 1948 मध्ये मिशिगनमधल्या बायकांना बारटेंडरचं काम करायला बंदी घालणारा कायदाही त्याच न्यायालयाने चालवून घेतला, फक्त बारमालकाची बायको किंवा मुलगी असली तर चालेल म्हणे. संरक्षण म्हणून आत आलेली गोष्ट दाराला कडी घालून बसते, हे या वकिलांनी पाहिलं होतं. मालकाच्या नजरेने बघा. दोन उमेदवार समोर आहेत. एक पंचवीस वर्षांची बाई, तिच्यासाठी कायद्याने चार महिने जागा राखायची. दुसरा पंचवीस वर्षांचा बाप्या, त्याच्यासाठी काही नाही. मालक कोणाला घेईल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

मला स्वतःला या भांडणात दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच पुढे जो तोडगा निघाला त्याचं मोल मोठं वाटतं.

कॅलिफोर्नियाचा तो 1978 चा कायदा विधानसभेत आणणारे हॉवर्ड बर्मन तोवर खासदार होऊन वॉशिंग्टनला पोचले होते. आपला कायदा रद्द झाला म्हटल्यावर त्यांनी केंद्रात तसंच विधेयक आणायचं ठरवलं, गरोदर बायकांसाठी. विमेन्स लीगल डिफेन्स फंड या स्त्री हक्कांच्या संस्थेच्या वकिलांनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं होतं, बाळंतपणाला वेगळं काढू नका. बाळंतपणात बाईला दोन गोष्टी होतात. तिचं शरीर काही आठवडे कामाला येत नाही, आणि घरात एक मूल येतं. पहिली गोष्ट कोणाही आजारी माणसाला होते. दुसरी बापालाही होते. मग रजा दोनच कारणांनी मागता यावी, स्वतःचं आजारपण आणि मूल. दोन्ही स्त्री-पुरुषांना सारखी. बाळंतीण दोन्हीत आपोआप बसते, आणि मालकाला बाईच तेवढी महाग पडते असं राहत नाही.

'वैद्यकीय' हा शब्द विधेयकात आला तो असा. कर्करोग झालेल्या कामगाराची कणव हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. बाळंतपणाला ते पांघरूण होतं.

आकडे कसे उतरत गेले

एप्रिल 1985 मध्ये कोलोरॅडोच्या पॅट्रिशिया श्रोडर यांनी प्रतिनिधीगृहात विधेयक मांडलं. 1986 मध्ये त्याचं नाव 'पालकत्व आणि वैद्यकीय रजा विधेयक' झालं. त्या मसुद्यात 15 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेला प्रत्येक मालक येत होता. मुलासाठी दोन वर्षांत 18 आठवडे, स्वतःच्या आजारपणासाठी दोन वर्षांत 26 आठवडे, सगळं बिनपगारी, नोकरी शाबूत आणि आरोग्यविमा चालू. दोन रजांचे खिसे वेगवेगळे होते, हे ध्यानात ठेवा.

दरम्यान 13 जानेवारी 1987 ला सर्वोच्च न्यायालयाने रिसेप्शनिस्टच्या खटल्यात 6 विरुद्ध 3 असा निकाल दिला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी लिहिलं की केंद्राचा कायदा म्हणजे जमीन आहे, छत नाही. राज्याला त्याहून वर जाता येतं. कॅलिफोर्नियाचा कायदा वाचला. विरोधी मत देणाऱ्या तिघांत रेनक्विस्ट होते, आता सरन्यायाधीश म्हणून.

कायदा वाचला म्हणून केंद्रातलं विधेयक सोडून देता आलं असतं. नाही सोडलं, कारण तोवर त्याच्याभोवती वेगळीच माणसं जमली होती. आजारी आईवडिलांची सेवा हे कारण आत आलं तशी ज्येष्ठांची बलाढ्य संघटना एएआरपी सोबत आली. कॅथलिक बिशपांची परिषद आली, कारण नोकरी जाण्याच्या भीतीने बाई गर्भपाताकडे वळू नये असं त्यांना वाटे. गर्भपाताचे कट्टर विरोधक हेन्री हाइड आणि गर्भपाताच्या हक्काच्या पुरस्कर्त्या श्रोडर एका बाजूला उभ्या राहिल्या, असं दृश्य वॉशिंग्टनमध्ये रोज दिसत नाही. नावातला 'पालकत्व' शब्द जाऊन तिथे 'कुटुंब' आला.

समोर होतं अमेरिकेचं चेंबर ऑफ कॉमर्स. त्यांनी आधी सांगितलं, याचा खर्च वर्षाला 16 अब्ज डॉलरच्या वर जाईल. मग तो आकडा 3 अब्जांच्या आत आणला. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने डेट्रॉइट आणि चार्ल्स्टनमधल्या कंपन्यांत जाऊन विचारलं, रजेवर गेलेल्यांच्या जागी तुम्ही काय करता? बहुतेकांचं उत्तर होतं, इतरांना काम वाटून देतो. बदली माणूस घेतलाच तर त्याचा पगार रजेवरच्याच्या वाचलेल्या पगारातून निघतो. म्हणजे मुख्य खर्च उरतो विम्याच्या हप्त्याचा. तडजोड झालेल्या विधेयकासाठी त्यांचा हिशेब 20 कोटी डॉलरच्या आत बसला. बिनपगारी रजा मालकाला स्वस्त पडते, कारण तिचा खर्च रजा घेणाराच भरतो. विरोधकांनी याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे खात्यापित्या तरुण जोडप्यांचं विधेयक आहे. पगाराविना तीन महिने बसणं गरिबाला परवडतंय कुठे? गरिबांचा कळवळा त्यांना नेमका इथेच आला ही गंमत असली, तरी मुद्दा खरा होता.

तडजोड घडवली न्यू जर्सीच्या रिपब्लिकन मार्ज रौकेमा यांनी. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा ल्युकेमियाने गेला होता. त्याच्या आजारपणात त्यांनी आपलं पदव्युत्तर शिक्षण सोडलं. नोकरी करत असते तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या सभागृहात विचारत. विषय त्यांना जवळचा होता, पण छोट्या उद्योगांचीही त्यांना काळजी होती. 1987 मध्ये त्यांनी मर्यादा 15 कर्मचाऱ्यांवरून 50 वर नेली, तीन वर्षांनी ती 35 होणार होती. मुलासाठी किंवा कुटुंबासाठी 10 आठवडे, आजारपणासाठी 15. पुढच्या फेरीत 35 चा शब्द गेला आणि 50 कायमचे झाले.

1990 मध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. 29 जूनला अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नकाराधिकार वापरला. रजा चांगली गोष्ट आहे, पण ती मालकांनी स्वखुशीने द्यावी, सक्ती नको, असं त्यांचं म्हणणं. प्रतिनिधीगृहात तो मोडून काढायचा प्रयत्न 232 विरुद्ध 195 असा फसला, दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. 1992 मध्ये पुन्हा मंजुरी, निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा नकाराधिकार. यावेळी सिनेटने तो 68 विरुद्ध 31 ने मोडला, प्रतिनिधीगृह 258 विरुद्ध 169 वर अडकलं. मग बुश निवडणूक हरले. 5 फेब्रुवारी 1993 ला बिल क्लिंटन यांनी सही केली. अध्यक्ष म्हणून त्यांनी सही केलेलं ते पहिलंच विधेयक.

बारा आठवड्यांचा एकच खिसा

हातात काय पडलं ते जवळून बघण्यासारखं आहे. वर्षाला 12 आठवडे, सगळ्या कारणांना मिळून. आजारपण आणि मूल यांचे वेगळे खिसे वाटेत कुठेतरी एकत्र शिवले गेले. यात कोणाचं नुकसान झालं? समजा एक बाई गरोदर आहे, शेवटचे चार आठवडे डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलं. बाळंतपण शस्त्रक्रियेने झालं, त्यातून सावरायला आठ आठवडे. चार आणि आठ, बारा झाले. बाळासाठी उरले शून्य. तिचा नवरा मात्र दुसऱ्या कंपनीत असेल तर पूर्ण बारा आठवडे बाळाजवळ राहू शकतो. 1986 च्या मसुद्यात हे झालं नसतं. ज्या 'वैद्यकीय' शब्दाने बाईला मालकाच्या नजरेत स्वस्त केलं, त्याच शब्दाने तिच्या वाट्याचे आठवडे खाल्ले. नवरा-बायको एकाच मालकाकडे असतील तर नव्या बाळासाठी दोघांना मिळून बाराच, ही आणखी एक मेख.

पात्रतेच्या अटी तर खास वाचाव्यात. मालकाकडे 75 मैलांच्या, म्हणजे साधारण 120 किलोमीटरच्या परिसरात 50 माणसं हवीत. तुमचं तिथे एक वर्ष झालेलं हवं, आणि त्या वर्षात 1,250 तास भरलेले हवेत. बावन्न आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला चोवीस तासांहून किंचित जास्त पडतात. आठवड्याला तेवीस तास काम करणारी बाई वर्षभरात 1,196 तासांवर थांबते, आणि आठवड्याला तास-सव्वा तासाच्या फरकाने कायद्याबाहेर राहते. अर्धवेळ कामाला बहुतेक कोण असतं, ते सांगायला नको. शिवाय सर्वात जास्त पगाराच्या दहा टक्के लोकांना परत घेण्याने धंद्याचं जबर नुकसान होणार असेल, तर मालक नाही म्हणू शकतो.

कामगार खात्याच्या 2018 च्या पाहणीत या अटी पूर्ण करणारे कर्मचारी 56 टक्के भरले. बाकीचे 44 टक्के ही त्या आठ वर्षांच्या मतांची किंमत आहे. मर्यादा 15 वर धरून बसले असते तर कायदा झालाच नसता, असं तेव्हाचे लोक सांगतात आणि मतांचे आकडे पाहता ते बरोबरच दिसतं. तरी 1993 नंतर हा आकडा खाली आणता येईल ही जी आशा होती ती फळली नाही. केंद्राची 50 ची मर्यादा आजही तिथेच आहे.

पांघरूण निघालं

पुढचा अंक न्यायालयात. राज्य सरकारांवर भरपाईचा दावा लावायचा तर काँग्रेसला दाखवावं लागतं, की हा कायदा समानतेच्या घटनात्मक हक्काचा भंग रोखण्यासाठीच आहे. 2003 मध्ये नेवाडा राज्याच्या एका कर्मचाऱ्याचा खटला आला. अपघातानंतर मानेची शस्त्रक्रिया झालेल्या बायकोच्या सेवेसाठी त्याला रजा हवी होती. न्यायालय 6 विरुद्ध 3 ने त्याच्या बाजूने गेलं, आणि निकाल लिहिला रेनक्विस्ट यांनी. घरची सेवा बाईनेच करायची ही समजूत मालकांच्या वागण्यात उतरते, पुरुषांना रजा नाकारली जाते आणि त्यातून बायकांवरचा संशय पक्का होतो, हा कायदा त्या चक्रावरच घाव घालतो, असं त्यांनी मांडलं. 1976 मध्ये गरोदरपण वगळण्यात लिंगभेद न दिसलेला माणूस 2003 मध्ये हे लिहीत होता. माणसं बदलतात म्हणायचं, की त्या 27 वर्षांत प्रश्न नीट मांडला गेला म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

2012 मध्ये मेरीलँडच्या न्यायालयीन खात्यातला एक कर्मचारी सर्वोच्च न्यायालयात पोचला. त्याला रक्तदाब आणि मधुमेह होता, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, त्याने स्वतःसाठी आजारपणाची रजा मागितली. त्याला सांगण्यात आलं, राजीनामा दे नाहीतर काढून टाकू. 20 मार्चला 5 विरुद्ध 4 असा निकाल लागला. तो न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिला, आणि नेवाडाच्या खटल्यात ते विरोधी बाजूला होते. कुटुंबाच्या सेवेची रजा स्त्री-पुरुष समानतेशी जोडलेली आहे, पण स्वतःच्या आजारपणाच्या रजेचा लिंगभेदाशी काय संबंध? आजारी कोणीही पडतं. राज्यावर भरपाईचा दावा चालणार नाही.

आजारी कोणीही पडतं, म्हणूनच तर ती तरतूद घातली होती. मालकाला फक्त बाईकडे बोट दाखवता येऊ नये इतकं पांघरूण जाड शिवलं, आणि पंचवीस वर्षांनी न्यायालयाला त्याच्या आत बाई दिसेना.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत लिहिलं. सत्तरच्या दशकात सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या स्त्री हक्क प्रकल्पाची स्थापना करणाऱ्यांत त्या होत्या, बायको बाळंतपणात गेलेल्या आणि तान्ह्याला सांभाळणाऱ्या बापाचा खटला 1975 मध्ये त्यांनीच लढून जिंकला होता. हे सगळं त्यांनी आतून पाहिलेलं. त्यांनी मतात नुसता कायदा नाही मांडला, गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बँकेचा खटला, स्त्रीवाद्यांतली फूट, बर्मन यांना घातलेली गळ, 'वैद्यकीय' शब्दामागचा विचार, सारं क्रमाने. तीन न्यायमूर्ती त्यांच्यासोबत होते. आणखी एक हवा होता. मेरीलँडच्या त्या कर्मचाऱ्याने मागितलेली रजा दहा दिवसांची होती.